सनद नसलेली गोष्ट

शाळेतून निवृत्त झाल्यानंतर जे एक काम माझ्याकडे आले, ते माझ्या शिक्षणाला आणि घरच्या वळणाला परके होते. मी जन्मभर संस्कृत शिकलो आणि संस्कृतच शिकवले. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जळगावला स्थिर झाल्यावर स्तोत्रपाठ, संध्या आणि थोडे वाचन यांत दिवस जात होता. अशा वेळी एका प्राचीन मुसलमान विद्वानाचे चरित्र मराठीत उतरवण्याचे काम मी करीन, असे मला कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

काम आणणारे गृहस्थ एका उर्दू शाळेतले निवृत्त मुख्याध्यापक. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत आम्ही दोघे वर्षानुवर्षे एकाच केंद्रावर पर्यवेक्षक म्हणून असायचो, आणि मधल्या सुट्टीत एकाच कडुनिंबाखाली बसायचो. मी त्यांना मास्तर म्हणे, ते मला शास्त्रीजी. त्यांचे घराणे धुळ्याचे, विणकरांचे. वडील हातमागावर बसत. पंच्याऐंशी पार केलेले ते वृद्ध तेव्हा हयात होते आणि धुळ्यालाच थोरल्या मुलाकडे राहत होते.

मास्तरांची अडचण साधी होती. त्यांची नातवंडे मराठी शाळेत जात. घरात उर्दू बोलली जाई, ती कानाला कळे, पण अक्षर डोळ्याला ओळखू येत नसे. बोदवड, भुसावळ, पारोळा, जिकडे त्यांचे नातलग होते तिकडे हीच स्थिती. म्हणून मुलांसाठी एक लहानसे मराठी पुस्तक करावे, असे त्यांनी ठरवले. चरित्रनायक त्यांनी फार पूर्वीच निवडलेला होता. त्याचे कारण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले.

"शास्त्रीजी, एक गोष्ट आहे. अब्बा मागावर बसून सांगायचे. त्या एका गोष्टीवर मी माणूस झालो. ती छापलेली अब्बांना वाचून दाखवायची आहे. बाकी पुस्तक तिच्यासाठी."

त्या विद्वानाचे नाव मी येथे लिहीत नाही. मास्तरांनी ते नाव पुढे आशीर्वचन जोडल्यावाचून एकदाही उच्चारले नाही. मला ते आशीर्वचन शुद्ध म्हणता येत नाही, आणि त्यावाचून नाव घेणे मला योग्य वाटत नाही. हिजरीच्या दुसऱ्या शतकातले, इराककडच्या एका शहरातले एवढे सांगितले तरी वाचकाचे अडणार नाही.

काम करण्याची वेळ आपोआप ठरली. दुपारनंतरची नमाज झाली की मास्तर ओसरीवर बसत. सूर्य मावळला की त्यांना पुन्हा मशिदीत जावे लागे आणि मला सायंसंध्येला घरी. दोघांनाही एकाच वेळी उठायचे असल्यामुळे कोणी कोणाला थांब म्हणण्याचा प्रश्न येत नसे. मास्तर उर्दू पुस्तक मोठ्याने वाचत, मग अर्थ सांगत, आणि मी मराठी वाक्य बांधून लिहून घेई. मी बाहेर शिजवलेले काही घेत नाही, हे त्यांच्या पत्नीला ठाऊक होते. पहिल्या दिवशी त्यांनी आतून केळ्यांची फणी पाठवली आणि दाराआडून म्हणाल्या, "पंडितजींना सांगा, निर्धास्त खा. हे अल्लानेच सालीत बांधून पाठवलंय, आमचा हात कुठे लागला?" पुढे रोज केळीच येत. जळगावात केळ्यांना तोटा नव्हता.

चरित्र मला मनापासून आवडू लागले. घरची गरिबी, आणि आई सूत कातणारी. तिने मुलाला सांगितले की तू विद्या मिळव, तुझ्या पोटाचे मी माझ्या टकळीवर बघीन. पुढे मुलगा पैगंबरांची वचने पाठ करून आला की ती त्याला विचारी, एवढे शिकलास, त्याने तुझ्या चालण्याबोलण्यात काही फरक पडला का? पडला नसेल तर त्या शिकण्याचा तुला उपयोग नाही. या मुलाची कीर्ती वाढली तेव्हा खलिफाने त्याला न्यायाधीशपद देऊ केले. सत्तेच्या पदावर बसून निवाडा देताना आपल्या हातून अन्याय होईल, या भीतीने त्याने ते नाकारले, आणि नाकारणे राज्यकर्त्यांना रुचले नाही म्हणून उरलेले आयुष्य गावोगाव लपून काढले. मोठमोठे लोक प्रश्न घेऊन येत. उत्तर ठाऊक नसले तर तो तेवढेच सांगे, आणि त्याला त्यात कमीपणा वाटत नसे.

अशा माणसापुढे हात जोडायला मला कोणतीही अडचण वाटली नाही. तप हे तपच असते, ते कोणत्या दिशेला तोंड करून केले याने कमी होत नाही, अशी माझी समजूत पूर्वीही होती.

अडचण वेगळीच निघाली. मूळ पुस्तकात प्रत्येक प्रसंगाच्या आधी नावांची एक ओळ असे. अमुकाने सांगितले, त्याला तमुकाने सांगितले, त्याने ते आणखी एकाकडून ऐकले, आणि मग प्रसंग. कधी तीन नावे, कधी पाच. स्तोत्राचे भाषांतर करताना फलश्रुती आणि पुनरुक्ती गाळायची मला सवय होती. त्या सवयीने मी नावे गाळली आणि प्रसंग सरळ सुरू केला. वाक्ये मोकळी झाली, याचे मला समाधान वाटले होते.

पहिले प्रकरण स्वच्छ लिहून मी मास्तरांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा पुसला, वाचले, पान उलटले, पुन्हा मागचे पान काढले.

"शास्त्रीजी, माणसं कुठे गेली?"

"कोणती माणसे?"

"इथे पाच जण होते. पाचही दिसत नाहीत."

"ती नुसती नावे आहेत, मास्तर. याने त्याच्याकडून, त्याने आणखी कोणाकडून. मुले कंटाळतील. प्रसंग तर जसाच्या तसा ठेवला आहे."

मास्तरांना हसू आवरेना. गमतीत आले की ते अहिराणीत शिरत. "भाऊ, हाई वरात शे! तुम्हीन बठ्ठा वऱ्हाडी वाटमां उतारी दिन्हात, नवरदेव एकलाच धाडी दिन्हा!"

मग त्यांनी गंभीरपणे समजावले. या विद्वानाने आयुष्यभर जे काम केले ते हेच. पैगंबरांचे म्हणून एखादे वचन कोणी सांगितले, तर हा आधी विचारी, तू कोणाकडून ऐकलेस? तो माणूस खरे बोलणारा होता का? त्याची स्मरणशक्ती शाबूत होती का? ज्याचे नाव तो घेतो, त्याला तो खरोखर भेटला होता का? या नावांच्या साखळीला सनद म्हणतात. साखळीत एक कडी कच्ची निघाली तर वचन कितीही सुंदर असो, बाजूला ठेवायचे. एकेका नावासाठी या लोकांनी उंटावरून महिनोन् महिने प्रवास केले.

"तुम्ही वचन ठेवलं," मास्तर म्हणाले, "आणि ते ज्यांच्या खांद्यावर बसून आलं त्यांना खाली उतरवलं."

त्या संध्याकाळी मी संध्येला बसलो आणि अभिवादनाच्या वेळी नेहमीप्रमाणे माझे गोत्र आणि प्रवर उच्चारले. तीन ऋषींची नावे, मग मी कोणाचा, कोणती शाखा शिकणारा. मुंजीपासून हे रोज म्हणतो आहे. आमच्या एका उपनिषदातही शेवटी गुरूंच्या नावांची लांब मालिका येते. पाठशाळेत आम्ही ती एका दमात उरकत असू, कारण तिच्यानंतर जेवणाची वेळ होई. दुसऱ्या दिवशीपासून मी सगळी नावे परत घालू लागलो. वाक्ये पुन्हा जड झाली. त्याला इलाज नव्हता.

अशा रीतीने पावसाळा सरला आणि पुस्तक शेवटच्या प्रकरणापर्यंत आले. मास्तरांनी उर्दू पुस्तक मिटून बाजूला ठेवले.

"आता अब्बांची गोष्ट. लिहा."

गोष्ट अशी. दूर गावी एका माणसाजवळ पैगंबरांचे एक वचन आहे, असे त्या विद्वानाला कळले. ते ऐकण्यासाठी तो अनेक दिवसांची वाट तुडवून गेला. गावाबाहेरच तो माणूस दिसला. त्याचा घोडा सुटला होता, आणि अंगरख्याचा ओचा धरून, त्यात दाणा असल्याचे भासवून, तो घोड्याला जवळ बोलावीत होता. घोडा आला. विद्वानाने पाहिले तो ओचा रिकामा. तो तिथूनच माघारी फिरला. जो जनावराला फसवतो त्याच्याकडून मी वचन घेणार नाही, एवढेच तो म्हणाला.

मास्तरांनी ती फार सुंदर सांगितली. त्यांच्या घरी वडिलांनी बकरीलासुद्धा कधी रिकाम्या मुठीने बोलावले नाही, आणि मास्तरांनी वर्गात मुलांना खोटे आमिष कधी दाखवले नाही, ते या गोष्टीमुळे. तीस वर्षे प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या दिवशी त्यांनी हीच गोष्ट सांगितली होती.

मी लिहून घेतले, आणि आता माझी सवय बदललेली असल्यामुळे वर एक ओळ रिकामी सोडून लेखणी तशीच धरून विचारले, "आणि सनद?"

मी खोचकपणाने विचारले नव्हते. मला खरोखर नावे हवी होती.

"पुस्तकात असेल," मास्तर म्हणाले.

पुस्तकात नव्हती. कपाटातली आणखी दोन-चार पुस्तके काढली, त्यांतही नव्हती. मग ते मशिदीतल्या मौलानांकडे गेले. मौलाना वयाने तरुण पण चांगले शिकलेले होते. त्यांनी नम्रपणे सांगितले की गोष्ट सर्वत्र ऐकू येते, कधी या विद्वानाच्या नावावर, कधी दुसऱ्याच्या. जुन्या ग्रंथात सनदेसह मी ती पाहिलेली नाही.

ओसरीवर या विषयाने बरेच दिवस घेतले. आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "गोष्ट चांगली आहे ना? मग तिचे आईबाप कशाला शोधता?"

"सून करताना तू शोधले नव्हतेस?" मास्तर म्हणाले.

"शोधले. म्हणून काय मिळालं, ते रोज बघतेच आहे!" आतून सुनेचे हसू ऐकू आले, आणि भांडे आपटल्याचाही आवाज आला.

मी एक तोड सुचवली. आमच्या पुराणांत 'असे ऐकिवात आहे' म्हणून पुष्कळ कथा येतात आणि त्यांनी कोणाचे नुकसान होत नाही. तसेच येथे लिहावे.

"तुमच्याकडे चालेल," मास्तर म्हणाले. "दुसऱ्या कोणाच्या चरित्रात आमच्याकडेही चालेल. पण या माणसाच्या पुस्तकात? ज्याने जन्मभर विचारलं, कोणाकडून ऐकलं, त्याच्याच नावावर मी बिनसनदेची गोष्ट घालू? शास्त्रीजी, मग रिकामा ओचा धरणारा कोण झाला?"

वगळायची म्हटले तर वडिलांना काय वाचून दाखवायचे, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता. वृद्धाची प्रकृती उतरत चालली होती. धुळ्याहून येणारा प्रत्येक माणूस निरोप आणी, पुस्तक झाले का, म्हणून.

एक आशा उरली होती. वडिलांनी ती ज्याच्याकडून ऐकली त्याचे नाव मिळाले, आणि तो एखाद्या जाणत्या घराण्यातला निघाला, तर पुढचा माग लागू शकेल. मास्तरांनी मला बरोबर येण्याची विनंती केली. सकाळच्या एस.टी.ने आम्ही निघालो. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मी नळावर हातपाय धुऊन घेतले. मास्तर जागेवरून उठलेसुद्धा नाहीत.

धुळ्याला त्यांच्या भावाचे घर यंत्रमागांच्या वस्तीत होते. शेजारचे माग दिवसभर खडखडत, त्यामुळे त्या गल्लीत सर्वच मोठ्याने बोलत. वृद्ध खाटेवर बसलेले होते. शरीर वाळलेले, पण नजर तल्लख. मी नमस्कार केला, आबा म्हणून हाक मारली. त्यांनी मला आपादमस्तक पाहिले आणि मुलाला म्हणाले, "हेच का ते, ज्यांनी सगळी माणसं उडवली होती?" म्हणजे माझी कीर्ती आधीच पोचली होती.

"परत आणली, आबा," मी म्हणालो.

"चांगलं केलं. माणसं उडवू नये."

मास्तरांनी खाटेजवळ बसून मोठ्या आवाजात विचारले, "अब्बा, घोड्याची गोष्ट तुम्ही कोणाकडून ऐकली?"

"मालेगावहून एक म्हातारा सूत घेऊन यायचा. त्याच्याकडून."

"त्याने कोणाकडून ऐकली?"

"मी काय पोलीस आहे? सूत घेतलं, गोष्ट घेतली, चहा पाजला. गेला."

"त्याचं नाव?"

वृद्धांनी बराच वेळ आठवून पाहिले. "सूतवाला चाचा म्हणायचो. नाव त्याच्या बायकोला माहीत असेल. तीही राहिली नाही."

मास्तरांनी मान हलवली. मग, आधार सापडावा अशा आवाजात, "पण त्याने आपल्या पुस्तकातल्या इमामसाहेबांचं नाव तर घेतलं होतं ना?"

"कसलं नाव? एक आलिम होते, म्हणाला, कोणी मोठे विद्वान. मीही तुला तेच सांगितलं. एक आलिम होते."

"नाही अब्बा. तुम्ही नाव घेतलं होतं. मला पक्कं आठवतं."

"अरे, मला अलिफ अक्षरही येत नाही, मी नाव कुठून आणू? नाव तू आणलंस. मदरशातून आलास एक दिवस उड्या मारत, म्हणालास, अब्बा, ते आलिम हेच असणार! मी म्हटलं, असतील. मागात माझा धोटा अडकला होता, मी तिकडे बघत होतो."

थोरले बंधू दारात उभे होते, ते म्हणाले, "बरोबर आहे. मी होतो तिथे."

कच्ची कडी मालेगावच्या म्हाताऱ्यात नव्हती, वडिलांतही नव्हती. ज्या तराजूने त्या विद्वानाने हजारो माणसे तोलली, त्यात मास्तर स्वतः बसले होते.

"मग छापली ना पुस्तकात?" वृद्धांनी विचारले.

"अब्बा, आता घालता येणार नाही."

"का? मला ऐकायची आहे."

"त्यांची म्हणून नाही घालता येत. त्यांची आहे हे कोणीच सांगितलेलं नाही. मीच सांगितलं."

मला वाटले वृद्ध रागावतील. त्यांनी तोंड फिरवले, आणि खरोखरच रागावले. "एवढी वर्षं पोरांना सांगितलीस तेव्हा चाललं. आता बापाला ऐकायची तर सनद पाहिजे!"

पिशवीतून हस्तलिखित काढून मास्तरांनी विचारले, "त्यांच्या आईचं प्रकरण आहे. ती सूत कातायची. वाचू?"

काही वेळाने वृद्धांचा चेहरा वळला. "कातायची? वाच."

मास्तर माझे मराठी वाचत आणि लगेच उर्दूत सांगत. नावांची ओळही त्यांनी गाळली नाही. वृद्ध मध्येच थांबवून विचारीत, लोकर की कापूस, टकळी की चरखा. पुस्तकात जे नव्हते ते नाही म्हणून मास्तर सांगत. आईचे प्रकरण संपले तेव्हा वृद्ध म्हणाले, "एवढं घर तिच्या सुतावर चाललं म्हणजे बाईचा हात चांगला असणार." मग आवाज उतरवून, "आता माझी सांग. पुस्तकात नको, तोंडाने सांग."

मास्तरांनी हस्तलिखित मिटून माझ्याकडे दिले आणि सुरुवात केली. "एक आलिम होते." ते ओच्यापर्यंत आले तेव्हा वृद्ध म्हणाले, "घोडा नाही. घोडी."

"तुम्ही घोडा सांगितला होता, अब्बा."

"घोडी. गाभण होती. म्हणून तर वाईट वाटलं त्यांना."

"बरं, घोडी," मास्तर म्हणाले, आणि गोष्ट पुढे नेली.

पुस्तक त्या गोष्टीवाचून छापले गेले. वृद्ध ते हातात घेण्यापुरते जगले. पुस्तक कोणी किती वाचले ते मला सांगता येणार नाही. मास्तरांच्या नातवंडांनी वाचले हे मी पाहिले.

त्यानंतर काही महिन्यांनी एका लग्नासाठी आम्ही बोदवडला गेलो होतो. परतताना स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलो असता मास्तरांचा एक जुना विद्यार्थी भेटला. चांगला चाळिशीचा गृहस्थ, डोक्यावर टोपी, बरोबर केळ्यांचा घड. त्याने वाकून सलाम केला. चार इकडच्या-तिकडच्या गोष्टी झाल्यावर मास्तर म्हणाले, "पहिल्या दिवशी वर्गात तुम्हाला घोड्याची गोष्ट सांगितली होती, आठवते?"

"आठवते म्हणजे काय सर! रिकामा ओचा. पोरांनाही मी तीच सांगतो."

"नाव घेऊन सांगतोस?"

"हो तर. तुम्हीच घेतलं होतं."

"ते माझं होतं. काढून टाक. गोष्ट ठेव, 'एक आलिम होते' म्हण. आणि पोरांनाही सांग, की सर चुकले होते."

तो हसला. "सर, थोरला आता भिवंडीला आहे. मागावर आहे."

"मग पत्र टाक."

त्याला वाटले सर गंमत करताहेत. त्याने माझ्याकडे पाहिले, मी हसत नव्हतो. मास्तरही हसत नव्हते. गाडीची घंटा झाली, हमाल उठले, फलाटावर धावपळ सुरू झाली, मी दोघांच्याही पिशव्या उचलल्या. तो "टाकतो सर, नक्की टाकतो" असे म्हणेपर्यंत मास्तर बाकावरून उठले नाहीत.